आवड आणि तुलना : मराठी विद्यार्थ्यासाठी फ्रेंचचे दोन प्राथमिक धडे

परकी भाषा शिकू लागलेल्या माणसाला पहिल्या महिन्यातच स्वतःविषयी चार वाक्ये बोलावी लागतात. नाव आणि गाव सांगणारी वाक्ये पाठ करून भागते. ‘मला काय आवडते’ हे सांगायची वेळ आली की मात्र पाठांतर पुरत नाही, व्याकरण लागते. आवडीच्या पाठोपाठ तुलनाही येते. चहा आवडतो असे म्हटले की ‘कॉफीपेक्षा?’ हा प्रश्न ठरलेलाच असतो. म्हणून फ्रेंचच्या बहुतेक प्राथमिक पुस्तकांत हे दोन विषय लवकर येतात.

गोव्यातील एका महाविद्यालयात मी मराठी साहित्य शिकवते आणि काही वर्षांपासून नवशिक्यांसाठी फ्रेंचचा संध्याकाळचा वर्गही घेते. गोव्यात अनेक शाळा-महाविद्यालयांत फ्रेंच निवडण्याची सोय आहे. मराठी माध्यमातून आलेली मुलेही ती हौसेने निवडतात आणि पहिल्याच आठवड्यात विचारतात, ‘मॅडम, आमचं इंग्रजी कच्चं आहे. मग फ्रेंच कसं जमणार?’ हा प्रश्न त्यांच्या मनात येतो, कारण हाती पडणारी पुस्तके फ्रेंच समजावतात ती इंग्रजीतून. त्यामुळे एका परक्या भाषेचे दार दुसऱ्या परक्या भाषेच्या अंगणातूनच उघडते, असा समज होतो आणि काही मुले दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात दिसत नाहीत.

आवड आणि तुलना या दोन विषयांपुरते तरी मराठीतून फ्रेंचकडे थेट जाता येते. काही ठिकाणी ही वाट इंग्रजीपेक्षा जवळची आहे. जिथे मराठी आपल्याला चकवते, तिथेही ती का चकवते हे मराठीतच नीट कळते. हे दाखवणे हा या लेखाचा हेतू आहे.

उच्चारांविषयी

येथे फ्रेंच वाक्ये देवनागरीत दिली आहेत, त्यामुळे उच्चार जवळपासचेच समजावेत. ‘प्ल्यू’, ‘त्यू’ यांतील स्वर मराठीत नाही. ओठ ‘ऊ’साठी गोल करावेत आणि ‘ई’ म्हणावे, म्हणजे तो साधतो. ‘ज’ हा ‘श’ म्हणताना कंठ घुमवला की येतो तसा उच्चारावा. ‘म्यो’, ‘व्हो’ यांत ओठ गोल ठेवून ‘ए’ म्हणावा. ‘ग्रां’, ‘बों’, ‘ब्यॅं’ यांतील अनुस्वार म्हणजे पूर्ण ‘न्’ नव्हे, तो स्वरच नाकातून काढायचा आहे. कोंकणी बोलणाऱ्या घरांतील मुलांना हे सहज जमते.

मराठी विद्यार्थ्याला एक मोठी सवलत आहे. फ्रेंच ‘त’ आणि ‘द’ दंत्य आहेत, आपल्यासारखेच. ‘प’, ‘त’, ‘क’ यांत हकाराची छटा नसते. चहाला फ्रेंचमध्ये ‘ते’ म्हणतात. ‘टे’ नाही आणि ‘ठे’ही नाही. इंग्रजी वळणाने फ्रेंच शिकणाऱ्याला हे मुद्दाम घोटावे लागते, आपल्याला ते बाराखडीतच मिळालेले असते.

आवडण्याचा कर्ता कोण?

‘मला आंबा आवडतो’ या वाक्यात क्रियापद आंब्याप्रमाणे चालते. आंबे असतील तर ‘आवडतात’, कैरी असेल तर ‘आवडते’. ‘मला’ बदलून ‘आम्हाला’ केले तरी क्रियापद जागचे हलत नाही. आवडणारी वस्तू कर्त्याच्या जागी आणि आवड असणारा माणूस चतुर्थीत, अशी ही रचना आहे. तिला मोठी परंपरा आहे. रुचणे या अर्थाच्या धातूंबरोबर ज्याला वस्तू रुचते त्याला ‘संप्रदान’ म्हणावे, असा स्वतंत्र नियम पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायात केला आहे.

फ्रेंचमधील नेहमीचे क्रियापद याच्या उलट चालते.

जेम ल ते. – मला चहा आवडतो.
न्यू... असे पाठ करण्याआधी शब्द सुटे करून पाहू : ‘ज’ म्हणजे मी, ‘एम’ म्हणजे आवड धरणे, ‘ल ते’ म्हणजे चहा. दोन स्वर जवळ आले म्हणून ‘ज’ आणि ‘एम’ यांचा ‘जेम’ झाला.

येथे ‘मी’ हा कर्ता आहे आणि चहा कर्म. ‘तुम्हाला चहा आवडतो’ म्हणायचे तर ‘व्हूझेमे ल ते’. म्हणजे माणूस बदलला की क्रियापद बदलते. ‘मी चहा पितो’ या वाक्याच्या साच्यात ‘आवडणे’ बसवले आहे, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

पण फ्रेंचमध्ये मराठी साचाही आहे. एक शब्दही फ्रेंच न येणाऱ्या माणसाने ‘सिल व्हू प्ले’ हे ऐकलेले असते. त्याचा अर्थ ‘कृपया’ असा सांगितला जातो. शब्दशः पाहिले तर तो ‘आपल्याला रुचत असेल तर’ असा आहे. यातील ‘व्हू’ हे ‘आपण’ नसून ‘आपल्याला’ आहे, म्हणजे आपली चतुर्थी. याच क्रियापदाची आणखी वाक्ये पाहा.

स लीव्र म प्ले. – हे पुस्तक मला आवडते.
से लीव्र म प्लेझ. – ही पुस्तके मला आवडतात.
स फिल्म मा प्ल्यू. – हा चित्रपट मला आवडला.

पहिल्या दोन वाक्यांत पुस्तक एकाचे अनेक झाले तसे क्रियापद ‘प्ले’चे ‘प्लेझ’ झाले. ‘आवडते’चे ‘आवडतात’ होते तसेच. वर्गात मी ‘जेम’नंतर लगेच हीच वाक्ये देते, कारण मराठी मुलाला येथे ओळखीचे कोणीतरी भेटते. ‘मला तुझी फार आठवण येते’ हे वाक्यही असेच आहे : ‘त्यू म मांक’. यात ‘त्यू’ म्हणजे ‘तू’ हा कर्ता आणि ‘म’ म्हणजे ‘मला’. तू मला उणा पडतोस, अशी त्याची घडण आहे. ‘मी’ला कर्ता करून त्याच क्रियापदाने हे वाक्य बांधले, तर अर्थ उलटतो आणि समोरच्यालाच माझी आठवण येते असा होतो.

दोन्ही साचे असले तरी त्यांची कामे वेगळी आहेत. कायमची, सर्वसाधारण आवड सांगताना ‘एमे’ हे क्रियापद वापरावे. समोर असलेल्या किंवा नुकत्याच पाहिलेल्या वस्तूविषयी मत देताना ‘प्लेर’ चांगले बसते. माणसाविषयी ‘इल म प्ले’ म्हटले, तर मात्र ‘तो माझ्या मनात भरला आहे’ असा अर्थ निघतो, तेव्हा जपून.

आंबा की आंबे? आणि कुठला चहा?

मराठीत उपपदे नाहीत. म्हणून आवडीच्या वाक्यात आपला विद्यार्थी सर्वांत जास्त अडखळतो तो ‘ल’, ‘ला’, ‘ले’ या छोट्या शब्दांपाशी.

जेम ले मांग. – मला आंबा आवडतो.

मराठीत एकवचनी ‘आंबा’ म्हणूनही संपूर्ण आंबा-जात सांगता येते. फ्रेंचमध्ये मोजता येणारी वस्तू असेल तर सरसकट आवड अनेकवचनात सांगतात. ‘ले’ हे त्याचे उपपद. चहा, कॉफी, संगीत अशा न मोजल्या जाणाऱ्या गोष्टी एकवचनातच राहतात.

आता पुढची दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवू.

जेम ल ते. – मला चहा आवडतो.
ज ब्वा द्यू ते. – मी चहा पितो.

चहा तोच, उपपद वेगळे. आवड ही संपूर्ण ‘चहा’ या पदार्थाविषयी असते, म्हणून ‘ल’. पिताना मात्र जगातला सगळा चहा कोणी पीत नाही, त्यातला थोडा पितो, म्हणून ‘द्यू’. नकारात हा फरक आणखी ठळक होतो.

ज नेम पा ल काफे. – मला कॉफी आवडत नाही.
ज न ब्वा पा द काफे. – मी कॉफी पीत नाही.

न आवडण्यात ‘ल’ तसाच राहिला, कारण नावड ही पदार्थाविषयीच आहे. न पिण्यात ‘द्यू’चा ‘द’ झाला, कारण प्रमाण शून्यावर आले. मुलांना मी एक प्रश्न विचारायला सांगते : ‘आपण पदार्थाबद्दल बोलतो आहोत की त्यातल्या काही भागाबद्दल?’ उत्तर आले की उपपद सापडते.

क्रियेची आवड सांगणे सोपे आहे. ‘मला वाचायला आवडते’ : ‘जेम लीर’. आपल्या ‘वाचायला’मधील ‘-ला’साठी फ्रेंचमध्ये काही घालायचे नाही.

आवडीच्या पायऱ्या

ज देतेस्त (तिटकारा आहे), ज नेम पा द्यू तू (मुळीच आवडत नाही), ज नेम पा (आवडत नाही), जेम ब्यॅं (बरे वाटते, आवडते), जेम बोकू (खूप आवडते), जादोर (अतिशय आवडते) अशी ही चढण आहे.

यात ‘ब्यॅं’कडे लक्ष द्यावे. त्याचा अर्थ ‘चांगले’, पण ‘एमे’बरोबर तो जोर वाढवत नाही, उलट कमी करतो. ‘ज तेम’ म्हणजे ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’. ‘ज तेम ब्यॅं’ म्हणजे ‘तू मला आवडतोस, आपले छान जमते’. शब्द वाढला आणि भावना उतरली. मराठीत प्रेमासाठी आणि पसंतीसाठी दोन वेगळी क्रियापदे आहेत. फ्रेंचमध्ये एकच असल्याने हे काम अशा क्रियाविशेषणांवर पडते.

तुलना : पेक्षा आणि ‘क’

मराठीत तुलनेसाठी विशेषणाला काही करावे लागत नाही. ‘ताई माझ्यापेक्षा मोठी आहे’ यात ‘मोठी’ साधेच आहे, तुलनेचा भार ‘पेक्षा’ उचलते. हा शब्द संस्कृत ‘अपेक्षा’पासून आला. दुसरी जुनी रीत पंचमीची : ‘माझ्याहून मोठी’. फ्रेंचमध्ये तुलनेचे चिन्ह विशेषणाआधी येते आणि ज्याच्याशी तुलना करायची ते पद ‘क’ लावून शेवटी येते.

मों फ्रेर ए प्ल्यू ग्रां क म्वा. – माझा भाऊ माझ्यापेक्षा उंच आहे.
मा सर ए प्ल्यू ग्रांद क म्वा. – माझी बहीण माझ्यापेक्षा उंच आहे.

या दोन वाक्यांत मराठी मुलाला दोन गोष्टी ओळखीच्या वाटायला हव्यात. पहिली, विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते : ‘ग्रां’चे ‘ग्रांद’, जसे ‘मोठा’चे ‘मोठी’. इंग्रजीत विशेषण असे बदलत नाही, म्हणून इंग्रजीतून येणारा येथे वारंवार चुकतो. दुसरी, ‘मी’ला ‘क’च्या पुढे ‘ज’ म्हणून उभे राहता येत नाही, त्याचे ‘म्वा’ होते. आपल्याकडेही ‘मीपेक्षा’ होत नाही, ‘माझ्यापेक्षा’ होते. हे पटकन पटते.

शब्दांचा क्रम मात्र आरशातल्यासारखा उलटा आहे. मराठीत आधी ‘माझ्यापेक्षा’, मग ‘उंच’. फ्रेंचमध्ये आधी ‘प्ल्यू ग्रां’, मग ‘क म्वा’.

अधिकसाठी ‘प्ल्यू’, उण्यासाठी ‘म्वॅं’ आणि बरोबरीसाठी ‘ओसी’ अशी तीन रूपे आहेत. ‘कमी उंच’ हे मराठीत कृत्रिम वाटते, आपण ‘माझ्याएवढा उंच नाही’ म्हणतो. फ्रेंचमध्ये ‘म्वॅं ग्रां’ अगदी स्वाभाविक आहे. ‘पाझोसी ग्रां’, म्हणजे ‘तेवढा उंच नाही’, हेही चालते.

बरोबरीच्या रचनेसाठी ला फाँतेनच्या एका कथेचे नावच पुरेसे आहे. त्याचा पहिला कथासंग्रह 1668 साली निघाला. त्यात बैलाएवढे होऊ पाहणाऱ्या बेडकीची कथा आहे. आपल्या मुलांना ती इसापनीतीतून ठाऊक असते. शीर्षक असे : ‘ला ग्रनुय की व्हो स फॅर ओसी ग्रोस क ल बफ’. ‘ओसी … क’ म्हणजे ‘एवढी’. ‘ग्रोस’ हे स्त्रीलिंगी रूप, कारण फ्रेंचमध्ये बेडूक स्त्रीलिंगी आहे. जाता जाता सांगायला हवे की 1678 मध्ये आलेल्या पुढच्या भागात ला फाँतेनने ‘पिल्पे’ या भारतीय ज्ञात्याचे ऋण मानले आहे. पंचतंत्रातील गोष्टी अरबी-फारसीतून प्रवास करत त्याच्यापर्यंत पोचल्या होत्या.

इतका, इतकी, इतके : एकाचे दोन

‘इतका’ हा शब्द मराठीत सगळीकडे चालतो : माझ्याइतका उंच, माझ्याइतकी पुस्तके, माझ्याइतके काम करतो. फ्रेंचमध्ये येथे दोन शब्द आहेत. गुणाची बरोबरी असेल तर ‘ओसी’, वस्तूंची किंवा क्रियेची बरोबरी असेल तर ‘ओतां’.

इल ए ओसी ग्रां क म्वा. – तो माझ्याइतका उंच आहे.
इल आ ओतां द लीव्र क म्वा. – त्याच्याकडे माझ्याइतकी पुस्तके आहेत.
इल त्राव्हाय ओतां क म्वा. – तो माझ्याइतके काम करतो.

एकाच ‘प्लस’चे तीन उच्चार

हा शब्द लिहिताना एकच, बोलताना वेगवेगळा. व्यंजनाने सुरू होणाऱ्या विशेषणाआधी ‘प्ल्यू’. स्वराआधी ‘प्ल्यूझ’. प्रमाण सांगताना किंवा क्रियापदानंतर ‘प्ल्यूस’ : ‘इल त्राव्हाय प्ल्यूस क म्वा’, तो माझ्यापेक्षा अधिक काम करतो.

शिवाय नकारात याच शब्दाचा अर्थ ‘आता नाही’ असा होतो आणि तेव्हा तो ‘प्ल्यू’च असतो : ‘ज नेम प्ल्यू ल काफे’, मला आता कॉफी आवडत नाही. बोलण्यात नकाराचा ‘न’ बरेचदा गळतो. मग पंगतीत ‘जां व्हो प्ल्यूस’ म्हटले तर आणखी वाढतील आणि ‘जां व्हो प्ल्यू’ म्हटले तर पातेले पुढे जाईल. अखेरच्या ‘स’वर जेवण अवलंबून आहे, असे सांगितले की मुले हा नियम विसरत नाहीत.

‘चांगला’चा पेच

‘चहा चांगला आहे’ आणि ‘ती चांगली गाते’ या दोन्हींत आपण एकच शब्द वापरतो आणि गाणारा पुरुष असेल तर ‘चांगला गातो’ असे लिंगही बदलतो. फ्रेंचमध्ये नामाचा गुण सांगणारे विशेषण ‘बों’ आणि क्रियेचा गुण सांगणारे अव्यय ‘ब्यॅं’ असे वेगळे शब्द आहेत. ‘ब्यॅं’ कधीच बदलत नाही.

तुलनेत हा भेद टिकून राहतो. ‘प्ल्यू बों’ असे म्हणत नाहीत, ‘मेयर’ म्हणतात. ‘प्ल्यू ब्यॅं’ऐवजी ‘म्यो’ येते.

स ते ए मेयर क ल काफे. – हा चहा कॉफीपेक्षा चांगला आहे.
एल शांत म्यो क म्वा. – ती माझ्यापेक्षा चांगली गाते.

कसोटी सोपी आहे. ‘चांगला’च्या जागी ‘चांगल्या रीतीने’ घालून पाहावे. वाक्य टिकले तर ‘म्यो’, मोडले तर ‘मेयर’.

‘मेयर’ इतके वेगळे का, असे मुले विचारतात. लॅटिनमधील जुने तुलनावाचक रूप तसेच उरले आहे, हे त्याचे उत्तर. आपल्याकडेही संस्कृतातील ‘ज्येष्ठ’, ‘कनिष्ठ’, ‘श्रेष्ठ’ ही तमभावाची रूपे आयती आली आहेत. मराठीच्या नियमाने ती तयार होत नाहीत. गणिताच्या तासाला ‘लघुतम’ आणि ‘महत्तम’ म्हणणारा विद्यार्थी असे जुने प्रत्यय रोज वापरतच असतो. गोव्यातील ज्येष्ठ वाचकांना पोर्तुगीजमधील ‘मेल्योर’ आठवेल, ते ‘मेयर’चे सख्खे भावंड आहे.

सर्वांत उंच

तुलनेआधी उपपद लावले की ‘सर्वांत’ हा अर्थ येतो : ‘प्ल्यू ग्रां’ म्हणजे अधिक उंच, ‘ल प्ल्यू ग्रां’ म्हणजे सर्वांत उंच. पुढे ‘वर्गात’ म्हणताना मात्र मराठी सप्तमी विसरावी.

एल ए ला प्ल्यू ग्रांद द ला क्लास. – ती वर्गात सर्वांत उंच आहे.

येथील ‘द’ हा ‘चा-ची-चे’च्या घरातला आहे. ‘वर्गाची सर्वांत उंच’ असे मनात म्हटले की चूक टळते.

पसंती सांगणाऱ्या ‘प्रेफेरे’ या क्रियापदातही असाच चकवा आहे. ‘कॉफीपेक्षा चहा पसंत’ म्हणताना हात आपोआप ‘क’कडे जातो. पण बरोबर वाक्य ‘ज प्रेफेर ल ते ओ काफे’ असे आहे. ‘अधिक’ हा अर्थ क्रियापदातच असल्याने ‘प्ल्यू’ नको आणि ‘क’ही नको.

उपमेसाठी ‘कॉम’, म्हणजे ‘सारखा’. कोळशासारखा काळा आणि पिसासारखा हलका हे दोन्ही भाषांत सारखेच म्हणतात. पांढरेपणासाठी आपण दूध घेतो, फ्रेंच माणूस बर्फ. गरीब स्वभावासाठी आपली गाय, त्यांचे कोकरू.

सरावासाठी

मराठी वाक्य वाचून उत्तर झाकावे आणि स्वतः बोलून पाहावे.

1. मला सिनेमा आवडतो, पण हा चित्रपट आवडला नाही. – जेम ल सिनेमा, मे स फिल्म न मा पा प्ल्यू.
2. मी चहा पीत नाही, मला कॉफी पसंत आहे. – ज न ब्वा पा द ते, ज प्रेफेर ल काफे.
3. माझी बहीण माझ्यापेक्षा चांगली गाते. – मा सर शांत म्यो क म्वा.
4. माझ्याकडे तुझ्याइतकी पुस्तके आहेत. – जे ओतां द लीव्र क त्वा.
5. मला तुझी आठवण येते. – त्यू म मांक.

शिक्षकांसाठी

वरील धड्यांत इंग्रजीची गरज कोठेही पडली नाही. चतुर्थी, सामान्यरूप, लिंगानुसार बदलणारे विशेषण, क्रियाविशेषण या साऱ्या संज्ञा मुले मराठीच्या तासाला शिकलेली असतात. परीक्षेपुरते वाटणारे ते व्याकरण दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते, हे दिसले की त्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. माझ्या वर्गात फ्रेंचमुळे मराठी व्याकरणाचे पुस्तक पुन्हा उघडणारी मुले मी पाहिली आहेत.

गोवा, बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी मुले घरात एक, शाळेत दुसरी आणि रस्त्यावर तिसरी भाषा बोलत वाढतात. भाषांची तुलना त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. अशा मुलांसाठी मराठीतून फ्रेंच समजावणारी छोटी पुस्तिका आपल्या संस्थांनी काढावी. तिच्यात मराठीशी जुळणाऱ्या आणि न जुळणाऱ्या रचना समोरासमोर असाव्यात आणि प्रत्येक धड्याला उच्चाराचे ध्वनिमुद्रण जोडलेले असावे, कारण देवनागरी कितीही जवळ गेली तरी ‘प्ल्यू’ कानांनीच शिकावा लागतो. मराठी आणि फ्रेंच शिकवणाऱ्या दोघा अध्यापकांनी एका उन्हाळी सुट्टीत एकत्र बसून असे पहिले दहा धडे तयार करणे अवघड नाही. वरचे दोन धडे त्यांनी खुशाल घ्यावेत आणि सुधारावेत.